टॅकोमीटरवरची लाल पट्टी

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली आणि साहजिकच सगळे लक्ष तिच्याकडे गेले. वऱ्हाडासाठी अधिक दूरगामी ठरेल अशी दुसरी गोष्ट त्यामुळे थोडी मागे पडली. याच विमानतळावर एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहत आहे. वर्षाला १८० वैमानिक घडवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी ३४ विमानांची मागणी २०२५ मध्येच नोंदवली गेली : ३१ एक-इंजिनी पायपर आणि ३ दोन-इंजिनी डायमंड. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. सगळे तास इथेच भरले असे धरले, तर वर्षाला ३६,००० तास होतात. म्हणजे प्रत्येक विमानामागे हजाराहून अधिक. ही सगळी पिस्टन इंजिनांची लहान विमाने. अशा इंजिनाचा पंखा किती वेगाने फिरवायचा आणि कोणत्या वेगाला तो मुळीच रेंगाळू द्यायचा नाही, हा प्रश्न त्यामुळे आता अमरावती-अकोल्याच्या परिसरातला, रोजच्या कामाचा प्रश्न होणार आहे.

वरची मर्यादा कोणालाही सहज पटते. सेसना १७२ सारख्या विमानाचा पंखा साधारण ७६ इंच व्यासाचा असतो. मिनिटाला २,७०० फेऱ्यांवर त्याचे टोक सेकंदाला सुमारे २७३ मीटर वेगाने धावते. विमानाची पुढची गती धरली की हा वेग २८० च्या घरात जातो. पंधरा अंशांच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर असतो. टोक त्याच्या फार जवळ गेले की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंजिनाची ताकद विमान ओढण्याऐवजी गोंगाटात खर्च होते. शिवाय पाते बाहेर खेचणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. २,७०० फेऱ्यांवर टोकाचा एकच ग्रॅम धातू जवळपास आठ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढत असतो. तेव्हा फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरच्या शेवटी असलेल्या लाल रेघेबद्दल कोणी शंका घेत नाही.

कोड्यात टाकते ती दुसरी खूण. काही विमानांच्या टॅकोमीटरवर, बेलाशक वापरण्याच्या हिरव्या पट्ट्यातच, मधोमध एक लाल पट्टी असते. १८० अश्वशक्तीचे लायकमिंग इंजिन आणि त्यावर सेन्सेनिच कंपनीचा एम ७६ जातीचा अखंड धातूचा पंखा, अशी जोडी असलेल्या विमानांबाबत अमेरिकेच्या विमान नियामकाने १९६९ मध्ये एक आदेश काढला. पात्याचे टोक तुटू नये म्हणून टॅकोमीटरवर २,१५० ते २,३५० या फेऱ्यांमध्ये लाल पट्टी रंगवा आणि तिथे सलग इंजिन चालवू नका, असा त्याचा आशय. २,१०० चालतात, २,४०० चालतात, पूर्ण ताकदीचे २,७०० देखील चालतात. मधले दोनशे मात्र चालत नाहीत. नव्या विद्यार्थ्याला हे नियमपुस्तकातले खूळ वाटू शकते. माझे म्हणणे असे की संपूर्ण टॅकोमीटरवर समजून घेण्यासारखे सर्वात जास्त याच पट्टीत आहे. आणि ज्या इंजिनांवर ती दिसत नाही, तिथेही तिच्यामागचे कारण नाहीसे झालेले नसते; ते फक्त वैमानिकाच्या नजरेसमोरून हलून दुसरीकडे गेलेले असते.

कारण असे. चार सिलिंडरच्या, चार धक्क्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. शाफ्टला मिळणारी ताकद म्हणजे संथ, सलग ओघ नव्हे; ते एकामागून एक पडणारे ठोके असतात. प्रत्येक ठोक्याला पोलादी शाफ्ट केसभर पिळला जातो आणि परत सुटतो. लहान विमानांच्या बहुतेक जुन्या इंजिनांत पंखा थेट याच शाफ्टच्या तोंडावर बोल्टने कसलेला असतो, मध्ये काहीही नसते, त्यामुळे पिळाची ती लहर पात्यात उतरते आणि पाते पुढे-मागे वाकू लागते. शाफ्ट आणि पाती मिळून एक कंपणारी यंत्रणा होते आणि तिच्या स्वतःच्या काही ठरावीक कंपनसंख्या असतात. ठोक्यांची किंवा त्यांच्या पटीतली संख्या यांतल्या एखादीशी जुळली की अनुनाद होतो : प्रत्येक ठोका आधीच्या वाकण्यात भर घालतो आणि ताण कित्येक पटींनी वाढतो. एसटीच्या जुन्या गाडीत एका विशिष्ट वेगाला खिडक्यांच्या काचा कान किटेपर्यंत थडथडतात आणि चालकाने वेग थोडा वाढवला की एकदम गप्प होतात, तोच हा प्रकार. फरक इतकाच, आणि तो महत्त्वाचा, की काचेचे थडथडणे ऐकू येते. पात्यातला ताण वैमानिकाला बहुधा जाणवतही नाही. विमान नेहमीसारखेच गुणगुणत असते आणि पात्याच्या टोकाकडचा भाग मात्र सोसेल त्यापेक्षा अधिक वाकत असतो.

म्हणूनच ही पट्टी इंजिनाच्या दुबळेपणाची खूण नाही, आणि खरे तर ती एकट्या इंजिनाची नाहीच. तेवढ्याच ताकदीच्या, त्याच घराण्यातल्या लायकमिंग इंजिनावर हार्टझेल कंपनीचा पात्यांचा कोन बदलता येणारा पंखा बसवला, तर मूनी एम २० सी या विमानात निषिद्ध पट्टी २,००० ते २,२५० अशी खाली सरकते. २०० अश्वशक्तीच्या पायपर ॲरो विमानात ती २,१०० ते २,३५० अशी आहे. त्याच घराण्यातल्या इंजिनावर दुसऱ्या घडणीचा पंखा बसवलेली सेसना १७२ घ्या. तिच्यावर अशी पट्टीच नाही. म्हणजे गुण किंवा दोष जोडीचा असतो. पात्याची लांबी, जाडी, टोकाचे वजन, शाफ्टची घडण, सिलिंडरमधल्या दाबाची चढण, यांतले काहीही बदला, पट्टी हलते. त्यामुळे विमानाच्या मान्यतापत्रात कोणत्या इंजिनाला कोणता पंखा चालेल हे नावानिशी लिहिलेले असते. ठिणगी पाडणारे जुने मॅग्नेटो काढून इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवण्याची सुधारणा निरुपद्रवी वाटते, पण तिने स्फोटाची वेळ आणि दाबाचा आकार बदलतो आणि आधी मोजलेली कंपने खरी राहत नाहीत. ही कंपने मोजावीच लागतात. विद्युत-रोधातल्या बदलावरून धातूतला ताण सांगणारी बारीक तारेची स्ट्रेन गेज १९३८ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली आणि ती पात्यावर चिकटवून, फिरत्या पंख्याचा ताण उडत्या विमानात टिपता येऊ लागला. लाल पट्टीचे आकडे अशा मोजणीतून येतात. कोणाच्या अंदाजातून किंवा सावधगिरीच्या हौसेतून नव्हे.

आता पहिला आक्षेप. पट्टी इतकी घातक असेल तर तिच्यातून आरपार जायला परवानगी कशी? प्रत्येक उड्डाणात शून्यापासून २,७०० पर्यंत जाताना ती ओलांडावीच लागते. याचे उत्तर धातूच्या थकव्यात आहे. पाते एका मोठ्या धक्क्याने तुटत नाही. ते लाखो लहान वाकण्यांनी तुटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर याने आगगाड्यांच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. पोलादाला एक ताण असा सापडतो की त्याखाली ते जवळजवळ कितीही वेळा वाकवता येते. पंख्याची पाती मात्र ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात आणि त्याला अशी स्पष्ट अभयरेषा नाही. तिथे प्रत्येक वाकणे हिशेबात जमा होते. मिनिटाला २,२०० फेऱ्यांवर ४,४०० स्फोट होतात, तासाला दोन लाख चौसष्ट हजार. पट्टी ओलांडायला दोन-तीन सेकंद लागले तर दोनशेच्या आसपास ठोके पडतात, शिवाय अनुनाद पुरता चढायलाही थोडा वेळ लागतो. तिथेच मुक्काम ठोकला तर अडतीस तासांत एक कोटी. बेलोऱ्याच्या विमानांसारखे वर्षाला हजार तास काम असलेले आणि अशी पट्टी असलेले एखादे विमान दर तासाला जेमतेम अडीच मिनिटे पट्टीत राहिले, तरी वर्षअखेर तो कोटीचा आकडा पार होतो.

दुसरा आक्षेप अनुभवी मंडळींचा आहे आणि तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. कितीतरी वैमानिकांनी या पट्टीत बिनदिक्कत विमाने उडवली, काही झाले नाही. मग इतका बाऊ कशाला? काही झाले नाही हे खरे असेलही. पट्टी आखताना थोडी जागा राखून आखलेली असते आणि निर्दोष पाते पुष्कळ सोसते. पण थकवा साठत जातो आणि विश्रांतीने तो भरून निघत नाही. धातूला रात्रीची झोप नसते. प्रशिक्षणाचे विमान तर कोणा एकाच्या मालकीचे नसते. ते शेकडो हातांतून जाते. आज पट्टीत रमलेल्या विद्यार्थ्याचे काहीच बिघडत नाही, आणि दोन वर्षांनी पूर्ण नियमाने उडणाऱ्या दुसऱ्याच कोणाच्या हाती ते पाते टोक सोडते. तुटते तेव्हा काय होते याचा हिशेब वर दिलेल्या आकड्यावरून करता येतो. टोकाचा पन्नास ग्रॅमचा तुकडा गेला, तर पूर्ण फेऱ्यांवर जवळजवळ चारशे किलोचा असमतोल जोर सेकंदाला पंचेचाळीस वेळा दिशा बदलत इंजिनाच्या बैठकीला हिसके देतो. मोठा तुकडा गेला तर इंजिन बैठकीतून उखडू शकते. तेव्हा ‘मला काही झाले नाही’ हा इथे पुरावाच होत नाही, कारण नुकसान करणारा आणि नुकसान भोगणारा वेगवेगळे असू शकतात.

प्रशिक्षणात याला आणखी एक धार येते. विद्यार्थी बहुतेक वेळ सर्किटमध्ये घालवतो : उड्डाण, वळण, धावपट्टीला समांतर जाणे, पुन्हा वळून उतरणे, आणि लगेच पुन्हा उड्डाण. समांतर जाताना वेग कमी करण्यासाठी थ्रॉटल मागे घेतला जातो, आणि १८० अश्वशक्तीच्या अशा विमानात काटा सहजपणे २,२०० च्या आसपास स्थिरावतो. कोन बदलणारा पंखा असेल तर इंधन वाचवायला आणि गोंगाट कमी करायला वैमानिक आपणहून फेरे त्याच घरात आणतो. म्हणजे हात जिथे आपोआप विसावतो, नेमकी तिथेच लाल पट्टी पडते. ‘पट्टीत राहू नका’ एवढे पाठ करून घेऊन हे सुटत नाही. उतरण्याच्या धांदलीत पाठांतर पहिले विसरते; कारण डोक्यात पक्के बसलेले असले तर हात २,१०० वर किंवा २,४०० वर आपणच थांबतो.

मग अभियंत्यांनी पट्टीच का काढून टाकली नाही? काढायचे प्रयत्न जुने आहेत, आणि प्रत्येकाची किंमत मोजावी लागली आहे. लाकडी पंख्यात हा त्रास कमी होता, कारण लाकूड कंपने स्वतःतच जिरवते. पण ते पाणी शोषते, झिजते, आणि पाते जाड ठेवावे लागते. धातूची पाती आली तशी पातळ, कार्यक्षम आणि टिकाऊ झाली, आणि कंपनांचा प्रश्न मोठा झाला. १९३० च्या दशकात राइट सायक्लोनसारख्या मोठ्या इंजिनांच्या क्रँकशाफ्टवर लंबकासारखी झुलणारी वजने बसवून पिळाची लहर शमवण्याची युक्ती आली. लायकमिंगच्या काही चार-सिलिंडर इंजिनांतही ती आहे. नावाच्या शेवटचा ६ हा आकडा त्या वजनांची खूण असतो. पण ही वजने ठरावीक लयीतच काम करतात. थ्रॉटल एकदम मिटला, जसे प्रशिक्षणात इंजिन बंद पडल्याचा सराव करताना होते, तर त्यांची लय बिघडून शाफ्टलाच इजा पोचू शकते. याबद्दल कंपनीचा वेगळा इशारा आहे. एक मर्यादा पुसली आणि तिच्या जागी दुसरी आली. फेऱ्यांवरचे बंधन गेले, हात चालवण्याच्या घाईवरचे आले.

अमरावतीच्या विमानांत हे स्थलांतर आणखी पुढे गेले आहे. त्यांत पेट्रोलजातीच्या एव्हगॅसवर नव्हे, तर मोठ्या विमानांच्याच जेट इंधनावर चालणारी डिझेल इंजिने आहेत. भारताच्या दृष्टीने ही निवड शहाणपणाची आहे. एव्हगॅस आपण वर्षानुवर्षे आयात करत आलो. इंडियन ऑइलने ते देशात बनवून विकायला सुरुवात केली ती २०२२ मध्ये. उलट जेट इंधन जिथे प्रवासी विमान उतरते तिथे मिळण्याची सोय होतेच. पायपरच्या डिझेल विमानातले कॉन्टिनेन्टल सीडी-१५५ इंजिन मर्सिडीझच्या मोटारीच्या इंजिनावरून घडवले आहे : दोन लिटरचे, चार सिलिंडरचे, १५५ अश्वशक्तीचे. डिझेलमध्ये हवा अधिक दाबली जाते. जुन्या लायकमिंगमध्ये साडेआठ पट, इथे अठरा पट. साहजिकच प्रत्येक ठोका अधिक तीव्र असतो. असा ठोका थेट धातूच्या पात्यावर सोडणे धोक्याचे ठरले असते. म्हणून मध्ये गिअरबॉक्स आला. शाफ्ट ३,९०० च्या आसपास फिरतो आणि १.६९ ने भागून पंख्याला २,३०० फेरे मिळतात. गिअरबॉक्सच्या आधी पिळाचे हिसके गिळणारी यंत्रणा आली. पंखा तीन पात्यांचा, लाकडी गाभ्यावर तंतूंचे कवच चढवलेला. म्हणजे लाकडाचा जुना गुण नव्या रूपात परत आला. आणि किती ताकदीला किती फेरे हे इंजिनाचा संगणक ठरवतो. वैमानिकाच्या हाती एकच दांडा असतो. हिरव्या पट्ट्याच्या मधोमध लाल पट्टी टाळत बसण्याचे काम त्याला उरत नाही.

तर मग ती शिकवायची कशाला, हा तिसरा आक्षेप. उत्तर गिअरबॉक्सच्या नोंदवहीत आहे. या इंजिनाचे पूर्वज थीलर्ट या जर्मन कंपनीने बाजारात आणले, तेव्हा सुरुवातीला गिअरबॉक्स दर ३०० तासांनी काढावा लागत असे. हिसके गिळणारा भाग झिजत होता, कारण पूर्वी जे पाते सोसत होते ते आता त्याच्या वाट्याला आले होते. कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे २०१३ मध्ये इंजिने कॉन्टिनेन्टलकडे आली, आणि सुधारणा होत होत ही मुदत बरीच लांबली. पण मुदत आहेच. जी मर्यादा टॅकोमीटरवर दोनशे फेऱ्यांच्या रुंदीची होती, ती आता देखभालीच्या वेळापत्रकात तासांच्या रूपात लिहिलेली आहे. वर्षाला हजार तास उडणाऱ्या ताफ्यात ते तास भराभर संपतात. ‘अजून पन्नास तास चालेल’ असे म्हणण्याचा मोह हा लाल पट्टीत रेंगाळण्याच्या मोहाचाच भाऊ आहे, आणि तो विद्यार्थ्यापेक्षा हँगरमध्ये आणि कचेरीत अधिक होतो. शिवाय इथे शिकलेला प्रत्येक जण आयुष्यभर याच जातीच्या विमानात बसणार नाही. विदर्भातच नागपूर फ्लाइंग क्लबकडे सेसना आहेत, आणि भारतभर लायकमिंगची विमाने पुष्कळ आहेत. संगणकाने पाळलेली मर्यादा ज्याला ठाऊकच नाही, त्याला ती स्वतः पाळायची वेळ आली की अडचण होते.

वऱ्हाडातला उन्हाळा यात काही भर घालतो का? अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा हा प्रश्न रास्त आहे. निषिद्ध पट्टी उन्हाने हलत नाही. तेवढ्या तापमानाने धातूचा ताठरपणा नगण्य बदलतो. टोकाच्या वेगाबाबत तर ऊन थोडे मदतच करते, कारण चाळीस अंशांत आवाजाचा वेग सेकंदाला ३५५ मीटरच्या जवळ जातो. तोटा होतो तो हवेच्या विरळपणाने. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, पंचेचाळीस अंशांत, हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी कमी असते. साध्या इंजिनाची ताकद जवळपास तितकीच घटते, टर्बोचार्जर असलेले डिझेल बरेच तग धरते. पात्याच्या थकव्याशी थेट संबंध आहे तो उन्हाचा नव्हे, तर जमिनीचा. धावपट्टीच्या कडेचा मुरूम आणि बारीक खडी पंखा उचलून घेतो, आणि पात्याच्या पुढच्या कडेला टोचे पडतात. नखाएवढ्या टोच्याच्या तळाशी ताण कित्येक पट एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. निर्दोष पात्याने जे कोटी ठोके सोसले असते, ते टोचलेले पाते सोसेलच असे नाही. म्हणून रोज उड्डाणाआधी कडेवरून नजर फिरवणे, टोचा दिसला तर परवानाधारक अभियंत्याकडून तो घासून गोलसर करून घेणे, आणि खडीवर उभे राहून इंजिन जोरात न चालवणे, या गोष्टी लाल पट्टीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. अकोल्याच्या शिवणी धावपट्टीच्या विस्ताराचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. तो सुटेल तेव्हा लांबीबरोबर कडांच्या पक्केपणाचाही विचार व्हावा.

ज्या विमानांवर लाल पट्टी आहे, तिथे आणखी एका वस्तूवर सगळे अवलंबून असते आणि तिच्याकडे सर्वात कमी लक्ष जाते : खुद्द टॅकोमीटर. जुन्या विमानांत तो इंजिनापासून आलेल्या फिरत्या केबलवर चालतो आणि वयाबरोबर चुकू लागतो. काटा पन्नासने कमी दाखवत असेल, तर २,१२० वाचून निर्धास्त बसलेला वैमानिक प्रत्यक्षात २,१७० वर, म्हणजे पट्टीच्या आत असतो. फिरत्या पात्यांवर प्रकाश टाकून फेरे मोजणारे हातातले यंत्र फार महाग नसते, आणि पडताळणीला काही मिनिटे पुरतात. पंख्याचे निर्माते ही तपासणी ठरावीक मुदतीने करायला सांगतात. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय बेलोऱ्यापासून दूर नाही. पात्यावर स्ट्रेन गेज चिकटवून कंपने मोजणे, केबलचा टॅकोमीटर प्रकाशाच्या यंत्राशी ताडून पाहणे, उघडलेल्या गिअरबॉक्समधली झीज तासांच्या हिशेबाने नोंदवणे, ही कामे तिथल्या यंत्र शाखेच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली आहेत. वैमानिक इथे येतील, शिकतील आणि मुंबई-दिल्लीला निघून जातील. विमाने मात्र इथेच राहतील, आणि त्यांच्या ठोक्यांचा हिशेब ठेवणारी माणसे वऱ्हाडातच तयार व्हायला हवीत.